देणगीदारांचा फलक करायचाय? यादीपासून भिंतीपर्यंत सगळं

गावात शाळेच्या नव्या खोल्या होऊ द्या, वाचनालय होऊ द्या, गोशाळा, दवाखाना, मंदिराचा सभामंडप काहीही होऊ द्या, देणगीदारांच्या बोर्डाचा विषय निघतो तो उद्घाटनाला आठ दिवस राहिल्यावरच. मग पावतीपुस्तकं गोळा होतात, कुणीतरी रात्री बसून नावं टाईप करतो, फ्लेक्सवाल्याला पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी चार घरं नाराज. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत हेच दिसतं, संस्था मोठी असो की छोटी. जे पहिल्यांदाच ट्रस्टवर किंवा बांधकाम समितीवर आलेत आणि ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी सगळं एका ठिकाणी लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बोर्डासमोर उभा राहणारा माणूस नाव शोधत असतो. स्वतःचं, वडिलांचं, सासऱ्यांचं. दिवाळीला सुरतहून गावी आलेला पोरगा लेकराला कडेवर घेऊन ओळीओळीवरून बोट फिरवत आजोबांचं नाव शोधतो आणि नाही सापडलं की सरळ ऑफिसात येतो, "आमनं नाव कोठे शे भो?" नावांचा क्रम, अक्षराचा आकार, दगड, भिंत, पुढचं सगळं ह्या माणसाकडे बघून ठरवायचं.

पहिली पायरी: नियम आधी, वर्गणी नंतर

वर्गणी गोळा करायला निघायच्या आधीच ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठराव करा आणि प्रोसिडिंग बुकात लिहा. किती रकमेपासून नाव लागणार, खोलीला नाव द्यायचं तर किती, नाव किती वर्षं राहणार (माझ्या मते "ही इमारत आहे तोवर" असं स्पष्ट लिहावं, "कायमस्वरूपी" हा शब्द देऊ नये कारण इमारती पाडल्या जातात), इमारत पाडली तर जुन्या नावांचं काय करायचं, आणि कबूल केलेले पैसे पूर्ण आले नाहीत तर काय. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक. सप्ताहात माईकवर एक्कावन्न हजार पुकारले जातात, टाळ्या पडतात आणि नंतर हातात अकरा हजार येतात. नियम साधा ठेवा, पैसे जमा झाले, चेक वटला, की नाव यादीत. उरलेले आले की वरच्या गटात. हे आधी सांगितलं असलं की कोणी वाईट मानत नाही. नंतर सांगितलं की भांडण.

संपूर्ण वास्तूला नाव देणं ही तर वेगळीच गोष्ट. अमळनेरचं प्रताप कॉलेज, जळगावचं मूळजी जेठा कॉलेज, दोन्ही १९४५ सालची, दोन्हीत दात्याचं किंवा त्याच्या घराण्याचं नावच संस्थेचं नाव झालं आणि जळगावात तर लोक नुसतं मू. जे. म्हणतात. एवढ्या मोठ्या नावाला फलकाची फारशी गरज पडत नाही, ते रोज रिक्षावाल्याच्या तोंडी असतं. आपल्याला काळजी करायचीय ती पाचशे एक, अकराशे, पाच हजार देणाऱ्यांची, कारण त्यांचं नाव फक्त ह्या एका भिंतीवरच येणार आहे.

दुसरी पायरी: यादी. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

एक्सेलमध्ये यादी करा, वहीत नको. रकाने असे: पावती नंबर, तारीख, पैसे देणाऱ्याचं नाव, फलकावर हवं ते नाव, गाव, हल्ली मुक्काम, मोबाईल, रक्कम किंवा वस्तू. "देणाऱ्याचं नाव" आणि "फलकावरचं नाव" हे दोन रकाने वेगळे हवेतच. पैसे मुलगा देतो आणि नाव आईच्या स्मरणार्थ हवं असतं. पावती मात्र ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाची आणि पॅनची करायची, कारण देणगीवरची आयकराची सवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, ती त्यालाच मिळते, फलकावर कोणाचंही नाव असो. आणि रोख दोन हजाराच्या वर घेतले तर त्याला ती सवलत मिळत नाही, हेही पावती फाडतानाच सांगून टाका, मार्चमध्ये फोन यायला नको.

आपल्याकडे नावांची एक खास अडचण आहे, निम्मं गाव पाटील आणि उरलेलं चौधरी, महाजन, सोनवणे. त्यामुळे इनिशिअलवर भागवू नका. डी. टी. पाटील लिहिलं तर गावात तीन जण निघतील आणि तिघांनाही वाटेल की आपलं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, हे चार हवेतच. शिवाय कितीतरी लोकांना गाव आप्पा, नाना, बापू, तात्या म्हणूनच ओळखतं, कागदावरचं नाव नातवंडांनाही माहीत नसतं. घरच्यांची इच्छा असेल तर ते नावात घ्या, चांगलं दिसतं आणि नाव लगेच सापडतं. बाहेर गेलेल्यांसाठी "ह. मु. पुणे" किंवा "ह. मु. सुरत" जरूर लिहा, त्यांना त्याचं फार असतं.

नावाआधी काय लावायचं ते विचारून ठरवा. श्री., सौ., श्रीमती, कै., ह.भ.प., डॉ. एकतर सगळ्यांना लावा नाहीतर कुणालाच नको. मी म्हणेन श्री. आणि सौ. काढूनच टाका, जागा वाचते आणि नाव ठळक दिसतं, फक्त दिवंगतांसाठी कै. किंवा स्व. ठेवा. गं.भा. हे तर आता कुणाच्याच नावामागे लावू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, पण कुणी आजी स्वतः आग्रह धरत असेल तर तिचं ऐका. आणि बाईने दिलेले पैसे नवऱ्याच्या नावावर टाकायची सवय मोडा. भाजी विकून, बचत गटातून, शिलाई करून दिलेले असतात ते. तिचं नाव पूर्ण लिहा.

वस्तू देणारे आणि राबणारे पण यादीत हवेत. कुणी वाळूच्या ट्रॉल्या दिल्या, कुणी विटा, कुणी सेंट्रिंगचं सामान महिनाभर फुकट वापरू दिलं, कुणी बोअर करून दिला, कुणी स्लॅबच्या दिवशी सगळ्यांना वरण-बट्टी खाऊ घातली. ह्यांची किंमत काढून रुपयात मांडू नका. "वस्तुरूप देणगी" आणि "श्रमदान" असे दोन छोटे भाग करा आणि काय दिलं ते शब्दात लिहा.

ज्यांना नाव नको त्यांना "गुप्तदान" म्हणून एक ओळ द्या. तिथे आग्रह करू नका. आणि ज्यांची नावं लावणार त्या प्रत्येकाची हो घ्या, व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरे, काही लोकांना भाऊबंदकीमुळे आकडा किंवा नाव उघड व्हायला नको असतं.

तिसरी पायरी: काय लिहायचं, कोणत्या क्रमाने

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख माहीत असेल, शके ११२८ चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, त्याची नोंद आहे त्यात. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तिथे बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला दिलं ते पण सांगितलंय. कोणी दिलं, काय दिलं, कशासाठी दिलं, कधी दिलं. खान्देशातला देणगीफलकच आहे तो, आणि आपले कितीतरी बोर्ड इथेच कमी पडतात. वर नुसतं "आमचे देणगीदार" आणि खाली नावं. कशासाठी दिलं? कोणत्या साली? वीस वर्षांनी कोणाला काय कळणार. म्हणून मथळ्याखाली दोन ओळी हव्यातच: "या वाचनालयाची वास्तू सन अमुक ते तमुक या काळात पुढील ग्रामस्थ व हितचिंतकांच्या देणगीतून उभी राहिली."

रक्कम लिहायची का? मंदिरात लिहायची प्रथा आहे आणि लोकांची तशी अपेक्षा पण असते. शाळा, वाचनालय, दवाखान्यासाठी माझं मत नको. एक तर रुपयाची किंमत बदलते, पन्नास वर्षांपूर्वीचे एकशे एक आजच्या पोराला किरकोळ वाटतात, तेव्हा मात्र त्यासाठी कुणीतरी घरचं धान्य विकलेलं असतं. त्यापेक्षा गट करा. तीन पुरे, फार तर चार. प्लॅटिनम, डायमंड, गोल्ड ही नावं मला अजिबात आवडत नाहीत, गावच्या भिंतीवर ती परकी दिसतात. कामातूनच नावं काढा. वाचनालय असेल तर "वास्तू", "कपाट", "ग्रंथ". शाळेला "खोली", "बाक", "फळा". वाचणाऱ्याला लगेच कळतं की कोणी साधारण काय उचललं.

गटाच्या आत मात्र क्रम अकारविल्हेच ठेवा. रकमेप्रमाणे लावलं तर पाचशे रुपयांच्या फरकावरून वर-खाली होतं, मानपानाप्रमाणे लावलं तर विचारूच नका. अकारविल्हे आडनावाने लावलं तर आपल्याकडे पाटलांचाच एक अख्खा रकाना होतो, म्हणून स्वतःच्या नावाने लावा, शोधायला पण तेच सोपं. एक्सेलमध्ये नावं युनिकोडमध्ये (मोबाईलवर मराठी टाईप होतं तसं) असतील तर सॉर्टिंग बऱ्यापैकी होतं, पण क्ष, ज्ञ, श्र आणि अनुस्वारवाली नावं हाताने तपासा.

आमदार, खासदार निधीतून काही झालं असेल तर ती पाटी वेगळी करा, लोकवर्गणीच्या फलकात मिसळू नका. तो सरकारी पैसा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे आचारसंहिता लागली की राजकीय नावं झाकायला लागतात. मग कोणीतरी येऊन खळ लावून वर्तमानपत्र चिकटवतो, निवडणूक झाल्यावर ते खरडून काढतो आणि त्यात आजूबाजूच्या साध्या माणसांच्या नावांचा रंग जातो. कुणी पदाधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिले असतील तर नुसतं नाव लिहा, पद नको.

चौथी पायरी: जागा आणि मापं

जागा अशी की येणारा-जाणारा दोन मिनिटं तिथे थांबू शकेल. जिन्याच्या वळणावर, दाराच्या मागे, चपलांच्या स्टँडच्या वर लावू नका. व्हरांड्याची आतली भिंत सगळ्यात उत्तम. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, भुसावळ-जळगावला तर त्याच्याही वर, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेली उघडी भिंत टाळाच. दुपारी काळ्या ग्रॅनाईटवर ऊन पडलं की चकाकीमुळे एक अक्षर वाचता येत नाही. समोर ट्यूबलाईट असेल तरी तसंच होतं, लाईट वरून तिरका पडेल असा घ्या.

अक्षराचा हिशोब सोपा आहे, दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच हवं. नावं लोक जवळ जाऊन वाचतात म्हणून पाऊण इंच चालतं, मथळा मात्र अडीच-तीन इंच घ्या. अक्षर मोजायचं ते शिरोरेषेपासून खाली, वेलांटी आणि उकार सोडून, आणि म्हणूनच मराठीत दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. पाऊण इंच अक्षराला एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत पावणेदोन इंच धरा. चार बाय सहा फुटांचा उभा फलक असेल तर मथळा आणि समास मिळून वीस इंच गेले, उरले बावन्न इंच, त्यात तीसेक ओळी बसतात, दोन रकाने केले तर साठ नावं. तुमची नावं दोनशे असतील तर एका फलकात कोंबायच्या भानगडीत पडू नका, तीन-चार फलक करा. शेवटचं नाव जमिनीपासून दोन फुटांच्या वर हवं आणि पहिलं नाव साडेसहा फुटांच्या खाली. म्हणजे सहा फुटी फलकात मथळा नावांच्या वर जातो, बरोबर जमतं. गटागटात अक्षराचा आकार थोडाच बदला, मोठ्या देणगीदाराचं नाव दोन इंच आणि छोट्याचं पाव इंच असं केलं तर छोट्याला बोलावून अपमान केल्यासारखं होतं.

पाचवी पायरी: कशात बनवायचं

फ्लेक्स फक्त उद्घाटनापुरता. आपल्या उन्हात वर्षाभरात लाल पिवळा उडतो, मग कडा फाटतात. सनबोर्डवर चिकटवलेलं व्हिनाईल घरात ठीक, व्हरांड्यात कडेने सुटतं.

ग्रॅनाईट टिकतो आणि लोकांना तोच हवा असतो. अठरा-वीस मिलीमीटर जाडीचा ग्रॅनाईट फुटाला साधारण पाच किलो भरतो, म्हणजे चार बाय सहाचा एकसंध फलक सव्वाशे किलोच्या घरात गेला. हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर हे ओझं नुसत्या सिमेंटवर किंवा चिकटवणाऱ्या केमिकलवर सोडू नका, त्याखाली शाळेची पोरं उभी राहणार आहेत. चार तुकडे करा, प्रत्येकाला खालून टेकू आणि कडेला स्टीलच्या क्लिपा किंवा स्क्रू. कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो तेव्हा मजकूर आधी आटोपशीर करा. कोरलेलं अक्षर पुरेसं खोल आहे का ते नखाने बघा, नख अडकलं पाहिजे, कारण त्यात भरलेला सोनेरी किंवा पांढरा रंग काही वर्षांनी उडणारच आणि पुन्हा भरायला खाच लागते.

संगमरवर दिसायला सुरेख पण तेल, हळद, कुंकू लगेच पितो, आणि कोणी लिंबू किंवा ॲसिड घेऊन साफ करायला बसला की पॉलिश गेलं. मंदिराजवळ तर टाळाच.

नावं दरवर्षी वाढणार असतील, जसं गोशाळा, अन्नदान, वसतिगृह, तर अखंड दगड घेऊ नका. भिंतीवर एक चौकट करा आणि तिच्यात एकेका नावाच्या छोट्या पट्ट्या, स्टील, पितळ किंवा ॲक्रिलिकच्या, स्क्रूने बसणाऱ्या. अकारविल्हे क्रम पण पुढे सांभाळता येतो. रिकाम्या जागा थोड्याच ठेवा, वर्ष-दीड वर्षात भरतील एवढ्या, अर्धी भिंत रिकामी दिसली की वाटतं संस्थेला कोणी देत नाही. ॲक्रिलिकला भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडायला सांगा आणि आवळून बसवू नका, उन्हाळ्यात ते फुगतं आणि भोकापासून तडकतं. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर आपल्या उन्हाळ्यात अजिबात विश्वास ठेवू नका.

टीव्ही स्क्रीनवर नावं फिरवणं मला पटत नाही. लाईट गेली की नावं गेली, आणि आपलं नाव येईपर्यंत म्हातारा माणूस किती वेळ उभा राहणार.

सहावी पायरी: प्रूफ

इथे घाई केली की सगळं पाण्यात. डीटीपीवाल्याकडे बऱ्याचदा जुने फॉन्ट असतात, तुम्ही मोबाईलवरून युनिकोडमध्ये यादी पाठवता, तो ती त्याच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करतो आणि त्यात ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, जोडाक्षराचा पाय मोडून हलंत होतो, ऱ्या चा र्या होतो. "कृष्णा", "ज्ञानेश्वर", "प्रल्हाद", "चऱ्हाटे" असले शब्द पहिले बघा, तिथेच चूक दडलेली असते. फाईल कोरायच्या मशीनला द्यायच्या आधी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट लागणार नाही अशा आकृत्यांत) बदलून घ्यायला सांगा, नाहीतर तुमच्या डोळ्यादेखत बरोबर असलेलं नाव मशीनच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसल्याने परत तुटतं.

प्रूफ खऱ्या मापात प्रिंट काढा आणि त्या भिंतीवर चिकटवून चार दिवस राहू द्या. त्याशेजारी दोरीला पेन बांधून ठेवा. गाव येऊन वाचतं, आणि ज्या चुका समितीच्या दहा जणांना दिसल्या नाहीत त्या बरोबर सापडतात, सोनवणे की सोनावणे, धोंडू की धोंडो, कुणाची आई गेल्या महिन्यात वारली आणि आता नावाआधी कै. लागणार. बाहेरगावच्यांना त्यांच्या ओळीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "बरोबर आहे" असं लेखी उत्तर मागा. उत्तर आल्याशिवाय कोरायला द्यायचं नाही, त्यासाठी उद्घाटन फ्लेक्सवर करावं लागलं तरी चालेल.

खर्चाचं पण बोलून घ्या. लोकांनी खोलीसाठी पैसे दिलेत, बोर्डासाठी नाही. झगमगीत फलक आणि आत गळकं छप्पर असेल तर देणारा परत देत नाही. जमलं तर फलकाचा खर्च एखाद्याकडून वेगळा घ्या.

जुने फलक आणि पुढची कामं

इमारत पाडताना जुनी संगमरवरी पाटी मलब्यात जाते, नाहीतर कुणाच्या तरी न्हाणीघरात उलटी होऊन कपडे धुवायला बसते. हे होऊ देऊ नका. पाडायच्या आधी फोटो काढा, पाटी अलगद उतरवा, नव्या व्हरांड्यात लावा, फुटली असेल तर तुकडे जुळवून लावा. जुनी नावं नव्या यादीत मिसळू नका, त्यांचं साल वेगळं, त्यांची भिंत वेगळी.

साफसफाई कोणाकडे ते नावानिशी ठरवा. कोरड्या मऊ कपड्याने पुसायचं, फार तर साधं पाणी, बोअरचं क्षाराचं पाणी नको कारण पांढरे डाग पडतात. पंधरा ऑगस्टच्या आधी एकदा बघायचं, कुठे रंग उडालाय, कुठला स्क्रू सैल झालाय.

आणि शेवटी सगळं एका पेनड्राईव्हमध्ये आणि संस्थेच्या ईमेलवर ठेवा: एक्सेलची यादी, डिझाईनची मूळ फाईल, फॉन्टचं नाव, अक्षराचं माप, दगडाची जात आणि कारागिराचा नंबर. दोन वर्षांनी आणखी वीस नावं लावायची वेळ येईल तेव्हा समिती बदललेली असेल, आणि नव्या पाटीचा दगड वेगळ्या रंगाचा, अक्षर वेगळ्या वळणाचं आलं की त्या वीस जणांची नावं भिंतीवर नंतर डकवल्यासारखी दिसतात.